मेल येतो, पण जात नाही

यात सांगितलेला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर सांगणारीची जीभ झडो, उरलेसुरले दात पडोत आणि चष्मा कायमचा हरवो. ज्यांना दर वाक्याला "असं कुठं असतं का" म्हणायची सवय आहे त्यांनी आत्ताच उठून दुसऱ्या खोलीत जावं. बाकीच्यांनी जरा सरकून बसा.

तर दोन बहिणी होत्या. एक थोरली, एक धाकटी. दोघींचा जीव एकमेकींवर आणि दोघींचा आवाज साऱ्या गल्लीवर. लहानपणी त्या भांडायला लागल्या की समोरच्या घरातली भांडी फळीवरून आपोआप खाली यायची. त्या घरातल्या बाईने शेवटी कंटाळून सगळी भांडी खिळे मारून फळीला ठोकली आणि पुढे आयुष्यभर ती फळीच चुलीवर ठेवत गेली.

पुढे धाकटीचं लग्न झालं, नवऱ्याची बदली झाली, आणि ती लांबच्या शहरात राहायला गेली. इतकं लांब की दोन गाड्या बदलून पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण फोन होता ना. धाकटीने फोन करायचा, थोरलीने "बोल" म्हणायचं, आणि त्या "बोल"चा सूर ऐकूनच धाकटीचं डोकं फिरायचं. दोघींच्या मधल्या तारांवर बसलेले कावळे शेपूट भाजल्यासारखे उडायचे. एकदा तर रिसीव्हर असा तापला की आईने त्याच्यावर ओले मोजे वाळवले.

आई थोरलीकडे राहायची. तिनेच मग कायदा केला. दोघींनी फोनवर बोलायचं नाही, जे काय असेल ते लिहायचं, कारण लिहिताना माणसाला ओरडता येत नाही. आईने कधी मेल वाचले नव्हते म्हणून तिला तसं वाटायचं. फोन तिने आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवला, आणि धाकटीचा आवाज आला की "लिहून पाठव" एवढंच म्हणून ती खाली ठेवायची. निरोपसुद्धा घ्यायची नाही. पूर्वी एकदा तिने इकडचा निरोप तिकडे नेला होता, तेव्हा दोघी मिळून तिच्यावरच उलटल्या होत्या.

पण एक जागा अशी होती जिथे या दोघी कधीच भांडल्या नाहीत. थोरलीचं घराच्याच पुढच्या खोलीत वेताच्या खुर्च्या विणायचं दुकान होतं. हे काम दोघी बापाकडून शिकलेल्या. साधी खुर्ची एकटीला विणता येते, पण लांब बाक आलं की दोन माणसं लागतात. एक वर बसते आणि सांगाड्याच्या भोकातून वेताची पट्टी खाली सोडते. दुसरी खाली, बुटक्या स्टुलावर, मान वर करून बसते. ती पट्टी धरते, ताण देते आणि शेजारच्या भोकातून परत वर देते. वर थोरली, खाली धाकटी. पट्टी खाली, पट्टी वर, पट्टी खाली, पट्टी वर. दिवस संपायचा, बाक संपायचं, पण दोघींपैकी एकीच्याही तोंडून शब्द निघालेला नसायचा. मधे जाळी आली की भांडणाला जागाच उरायची नाही.

नव्या शहरात धाकटीच्या हाताला काम नव्हतं. हात स्वस्थ बसेनात. घरातल्या सगळ्या खुर्च्या तिने उसवून पुन्हा विणल्या, मग पडद्यांच्या दोऱ्या विणल्या, मग नवऱ्याच्या बुटांच्या नाड्या. एका सकाळी तो बिचारा ऑफिसला जायला निघाला तर दोन्ही बूट एकमेकांना असे जाळीने जोडलेले की उड्या मारतच बसस्टॉपपर्यंत गेला. तो साधा माणूस, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला की ताईकडे जाऊन ये गं, तिला काम असेल तर.

आणि काम खरंच आलं होतं. थोरलीचा मेल होता की जुन्या सभागृहाची सगळी लांब बाकं विणायला मिळालीत, येतेस का. धाकटीने त्याच मिनिटाला उत्तर लिहिलं: येते, कधी येऊ ते कळव.

आता इथे लॅपटॉपचं सांगायला हवं. तो भावोजींचा, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याचा जुना लॅपटॉप. वजन असं की तो मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला उठायला दुसरा माणूस लागायचा. धाकटी निघाली तेव्हा भावोजींनी तो तिला दिला आणि मेलचं सगळं आपल्या घरी बसून, आपल्या घरच्या कनेक्शनवर स्वतः लावून दिलं. भावोजींना दोनच शौक, मासे पकडायचे आणि पकडलेल्या माशांचे फोटो काढायचे. मधे कुठलासा व्हायरस येऊन त्यांचे सगळे मासे गिळून गेला होता. तेव्हापासून ते कॉम्प्युटरच्या बाबतीत फार कडक झाले होते. आपल्या घरी त्यांनी असं करून ठेवलं की ओळखीच्या पत्त्यावरूनच मेल आत येईल, अनोळखी सगळे थेट कचऱ्यात. आणि धाकटीला दोन गोष्टी बजावल्या. एक, मी लावलंय त्यातलं काही हलवायचं नाही. दोन, कामाच्या मधेच एखादी चौकट टुणकन वर आली तर ती वाचत बसायचं नाही, लगेच फुली दाबून घालवायची. वाचलीस की चोर घरात शिरलाच.

धाकटी थोरलीचं ऐकत नसे, पण भावोजींचं ऐकायची. नव्या घरी आल्यापासून ती मेल पाठवायची, चौकट टुणकन वर यायची, ती डोळे मिटून फुली दाबायची आणि झाकण बंद करायची. हे असं कित्येक महिने चाललं होतं. थोरलीच्या मेलमध्ये आपल्या लिहिण्याचा उल्लेखही नसायचा, पण ताईने कधी कोणाचं ऐकलंय, असं म्हणून धाकटी ते सोडून द्यायची.

"येते" लिहिल्यावर तिने बॅग भरली आणि तारखेची वाट बघत बसली. तारीख आली नाही. उलट थोरलीचा मेल आला, येतेस का ते सांग. धाकटीला वाटलं, हिला दोनदा विनवणी करून हवीय. तिने पुन्हा लिहिलं, येते म्हटलं ना. पुन्हा थोरलीचं तेच. मग धाकटीचं टाळकं सरकलं आणि तिने जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पुढे सांगावं लागणार आहे, तेव्हा बघू. मग तिला वाईट वाटलं, म्हणून माफी लिहिली. माफीलाही उत्तर नाही म्हणून तिने माफी परत घेतली, तीही लिहूनच.

आणि एका सकाळी थोरलीचा हा मेल आला: "इतके दिवस झाले, तू एका ओळीनेही उत्तर दिलं नाहीस. उद्या बाकं दुकानात येतायत. आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आत तुझं आलं नाही तर तुझं स्टूल मी वन्संना देणार. एकदा दिलं की दिलं."

वन्सं म्हणजे थोरलीची नणंद, भावोजींची बहीण. स्वभावाने लोणी, आणि विणकामातही लोणीच. पट्टीला ताण म्हणून देतच नसत. त्यांनी विणलेल्या खुर्चीत एकदा एक पाहुणे बसले आणि बसताबसता असे खाली गेले की त्यांना नमस्कार करायला सगळ्या घराला जमिनीवर झोपावं लागलं.

धाकटीने मेल पुन्हा वाचला. एका ओळीनेही नाही? तिने तर ओळींचे ढिगारे लिहिले होते. तिने त्याच क्षणी लिहिलं, ताई मी येते, आज रात्रीच्या गाडीने निघते, स्टूल कोणाला देऊ नकोस. पाठवलं. चौकट टुणकन वर आली. तिचं बोट सवयीने फुलीवर गेलं आणि तिथेच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती चौकट वाचली.

चौकटीत चोर नव्हता. तिथे सरकारी भाषेत लिहिलं होतं की हा मेल जाऊ शकला नाही, तुम्ही ज्या ठिकाणाहून आलात त्या ठिकाणाला आम्ही ओळखत नाही. मग तिने शोधलं तर सापडला तो सगळा ढीग. इथे आल्यापासून लिहिलेला एकेक मेल, एकावर एक, दार न उघडलेल्या दवाखान्याबाहेर बसलेल्या पेशंटांसारखा.

तिने थोरलीकडे फोन लावला. आईने उचलला. धाकटी म्हणाली, आई ऐक, माझे मेल गेलेच नाहीत. आई म्हणाली, "मग लिहून पाठव," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भावोजींना लावला तर तो बंद. ते तळ्यावर गेले होते, आणि घंटी वाजली की मासे बुजतात म्हणून तिथे ते फोन बंद ठेवायचे. शेजारणीने सुचवलं की माझ्या पत्त्यावरून पाठव. पाठवलाही. पण भावोजींच्या कचरापेटीला शेजारीण कुठून ओळखीची असणार? तो मेल गेला तो गेलाच.

आता धाकटीला घरात बसवेना. तिला वाटलं, या घरालाच काही तरी झालंय. तिने लॅपटॉप उचलला, छातीशी धरला आणि वाचनालयाकडे धावत सुटली. तिथलं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं होतं, टेबलाला वायर होती, जो येईल त्याने जोडावी. लॅपटॉप सुरू केल्यावर त्याचा पंखा असा भणाणला की समोर पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांची पानं आपोआप उलटू लागली, आणि कोणाचीच बातमी पुरी होईना. वाचनालयाच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. धाकटीने पाठवा-चं बटण दाबलं. चौकट टुणकन वर. तेच: तुम्हाला ओळखत नाही.

पण गंमत बघा. जायला वाट नव्हती, यायला मात्र होती. चौकटीच्या पाठोपाठ थोरलीचा नवा मेल येऊन उभा: "दुपार होत आली. उत्तर नाही. वन्संना बोलावणं धाडलंय."

धाकटीने पुन्हा दाबलं, पुन्हा चौकट. वायर काढली, फुंकली, पुन्हा घातली. खुर्ची बदलली. टेबल बदललं. खिडकीजवळ गेली, जणू खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल. बाई उठून आल्या आणि म्हणाल्या की इथून सगळ्यांचे मेल जातात. ते ऐकून तर धाकटीला रडूच यायचं बाकी राहिलं. सगळ्यांचे जातात, आपलेच तेवढे जात नाहीत, याच्यासारखं दुसरं दुःख नाही.

तिथून ती बसने नवऱ्याच्या ऑफिसात. बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली पण ती बसली नाही. उभं राहिलं की बस लवकर पोचते असं तिला त्या दिवशी वाटत होतं. नवऱ्याने तिला आपल्या टेबलाशी बसवलं, वायर दिली, पाणी दिलं. तिने पाणी लॅपटॉपपुढे ठेवलं आणि वायर स्वतःच्या हातात धरून बसली, इतकं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या ऑफिसचं कनेक्शन तिसऱ्याच कंपनीचं, आणि मोठ्या साहेबांनी कामाव्यतिरिक्तचं बाहेर जाणारं सगळं बंद करून ठेवलेलं. तिथे चौकटसुद्धा आली नाही. नुसतं एक चक्र फिरत राहिलं.

आत येणाऱ्याला मात्र तिथेही कोणी अडवत नव्हतं. थोरलीचा मेल आला: "वन्सं आल्यात. स्टुलावर बसून बघतायत. म्हणतात, जरा बुटकं आहे, पाय कापून उंच करता येईल का."

पाय कापून उंच कसं होतं ते वन्संनाच ठाऊक. पण धाकटीच्या डोळ्यांपुढे आपल्या स्टुलाला करवत लागलेली दिसली आणि तिने टेबलावरचा फोन ओढला. आधी जुन्या कंपनीला लावला, म्हणजे थोरलीच्या गावातल्या, जिच्याकडे तिची मेलची पेटी होती. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की मॅडम, तुमचे आलेले मेल तुम्ही जगात कुठूनही बघू शकता, त्याला पासवर्ड पुरतो. पण पाठवायचे असतील तर आमच्याच कनेक्शनवरून आलं पाहिजे. दुसऱ्याच्या कनेक्शनवरून येऊन कोणी काही दिलं तर आम्ही ते पुढे नेत नाही. लोक आमच्या नावावर कचरा पाठवतात. तुमच्या तिकडच्या कंपनीला विचारा.

तिने घरच्या नव्या कंपनीला लावला. तिथला माणूस म्हणाला की पेटी आमची नाही, त्यामुळे पेटीचं आम्हाला काही सांगता येणार नाही. आमच्या लाइनवरून आमच्या हातात द्याल ते आम्ही पोचवू, मग त्यावर नाव कोणाचं का असेना. दुसऱ्याच्या हातात दिलं तर आम्ही काय करणार? तुमच्या जुन्या कंपनीला विचारा.

यावर धाकटी ओरडली. किती दिवसांनी ओरडली होती, साठलेलं सगळं निघालं. हे पाणीपुरवठ्याचं ऑफिस होतं हे लक्षात असू द्या. त्या आरोळीने सगळ्या नळ्यांमधलं पाणी घाबरून मागे सरकलं, आणि अर्ध्या शहरात अंगाला साबण लावून उभ्या असलेल्या लोकांचे नळ एकदम कोरडे झाले. मोठे साहेब खोलीतून बाहेर आले. नवऱ्याने तिला हळूच दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, तू घरी जा, जरा बस, मी येतोच.

ती घरी आली. पण बसणार कशी? या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. लॅपटॉपला घरची वायर जोडली. चौकट आली, तिने ती वाचली, परत दाबलं, परत आली. बाहेर उन्हं उतरायला लागली होती. शेवटी हातांनाच राहवेना, म्हणून तिने पडद्याची दोरी ओढून काढली आणि खुर्चीच्या जाळीतून ओवायला लागली. वरून खाली सोडली. खाली धरायला कोणी नव्हतं, म्हणून दोरी जमिनीवर वेटोळं करून पडली. ती वाकली, खालून धरली, वर दिली, पुन्हा उठली, वरून ओढली. उठबस, उठबस. आणि वाकलेली असतानाच, डोकं खुर्चीखाली असताना, तिला एकदम जाणवलं की पट्टी द्यायची असते ती आपल्या बरोबर खाली बसलेल्या माणसाला. पलीकडच्या बाकाखाली बसलेल्याला कोणी पट्टी देत नाही. ताई कितीही चांगलं विणत असली तरी ती शेजारच्या दुकानातल्या बाकाखाली हात घालणार आहे का?

आणि आपण इथे बसून, इतके महिने, रोज, दुसऱ्या गावातल्या, जुन्या कंपनीच्या माणसाच्या हातात पट्टी देत होतो. तो म्हणत होता, बाई, मी तुमच्या खाली नाही बसलेलो. आणि आपल्या खरोखर खाली बसलेला नव्या कंपनीचा माणूस म्हणत होता, माझ्याकडे द्या ना.

ती अशी झटक्यात उठली की खुर्ची डोक्यात घालूनच उठली. तशीच फोनपाशी गेली आणि नव्या कंपनीच्या माणसाला विचारलं की तुमच्याकडे जाणारे मेल कोण घेतं, त्याचं नाव काय. त्याला आधी कळेना. मग कळलं आणि त्याने एक टिंबाटिंबाचं नाव सांगितलं. तिने ते हातावर लिहून घेतलं.

आता भावोजींचा हुकूम मोडायचा होता. यातलं काही हलवायचं नाही. धाकटीने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली, आणि त्यांनी लावलेल्या सेटिंगमध्ये शिरली. येणाऱ्या मेलच्या घरात जुन्या कंपनीचं नाव होतं, ते तसंच ठेवलं. जाणाऱ्या मेलच्या घरातही जुन्याच कंपनीचं नाव होतं. ते तिने एकेक अक्षर करून खोडलं आणि हातावरचं नाव तिथे लिहिलं. डोळे मिटले. पाठवा.

चौकट आली नाही.

तिने एक डोळा उघडला. खालच्या पट्टीत काहीतरी सरकत होतं. जातंय! ती टाळी वाजवायला गेली आणि तिचे हात मधेच थांबले. कारण जात होता तो आजचा मेल नव्हता. सगळ्यात जुना जात होता. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे तिसरा. इतके महिने तुंबलेली सगळी रांग उठली होती आणि आपापल्या नंबराने बाहेर पडत होती.

आता सांगते काय काय होतं त्यात. एकात होतं की भावोजी म्हणजे एका पायावर उभा असलेला बगळा, आणि बगळ्याला तरी मासा मिळतो. एकात होतं की वन्संना खुर्च्या विणायला देण्यापेक्षा झोके विणायला दे. आणि रागाच्या भरात लिहिलेल्या, सगळ्यात लांब असलेल्या मेलमध्ये होतं: "लोक बाकाची वरची बाजू बघतात आणि वा म्हणतात. खालून ताण कोण देतं ते वाकून कोणी बघत नाही, तूही नाही. माझ्यामुळे तुझं नाव झालं. दे जा ते स्टूल कोणालाही, मला नको."

तो निघाला होता. तिने झडप घातली आणि वायर उपटली.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला. तिने ढिगात बघितलं. बगळा गेला होता. झोके गेले होते. लांबलचक गेला होता. माफीही गेली होती, आणि मागे घेतलेली माफीही गेली होती. मागे राहिला होता फक्त एकच, सगळ्यात शेवटचा: ताई मी येते, आज रात्रीच्या गाडीने निघते, स्टूल कोणाला देऊ नकोस.

म्हणजे जे जायला नको होतं ते सगळं पोचलं होतं आणि जे जायला हवं होतं तेवढं तिने स्वतःच्या हाताने अडवून ठेवलं होतं.

वायर पुन्हा घातली तर मोडेमचे दिवे लागेनात. एक लागला, दुसरा विझला. दुसरा लागला, पहिला विझला. तिकडे थोरली शटर ओढायला उठली असेल. धाकटी मोडेमपुढे गुडघ्यावर बसून त्याची समजूत घालत होती, मग धमकी देत होती, मग पुन्हा समजूत. तेवढ्यात नवरा आला. त्याने बघितलं, बायको जमिनीवर, पडदा जमिनीवर, खुर्ची उलटी. तो तिच्या शेजारी बसला आणि त्यानेही मोडेमकडे बघायला सुरुवात केली. दोघांनी मिळून असं रोखून बघितलं की त्या दिव्यांना लाज वाटून ते सगळे एकदम लागले. धाकटीने बटण दाबलं. मेल गेला.

आणि मग काहीच नाही. येणारा मेल आजवर कुठे अडला नव्हता, तोही येईना. बाहेर अंधार पडला. दुकान बंद झालं असणार. धाकटी पुन्हा या खोलीतून त्या खोलीत. नवरा म्हणाला, वाचत असेल गं, तू लिहिलंयस पण किती. ती म्हणाली, तेच तर.

फोन वाजला.

धाकटीने उचलला. पलीकडून आवाज आला, "बगळा कोणाला म्हणतेस गं तू?"

कायदा मोडला होता, आणि तो थोरलीने मोडला होता. मागून आई ओरडत होती की लिहून पाठव, लिहून पाठव, पण थोरलीने फोन तिच्या खुर्चीपासून वायरीसकट उचलून नेला होता. मग जे सुरू झालं ते काय सांगावं. थोरली एकेक मेल मोठ्याने वाचायची आणि त्याचा समाचार घ्यायची, धाकटी त्याला उत्तर द्यायची. बगळ्यावर भांडल्या. झोक्यांवर भांडल्या. माफीवर भांडल्या, मागे घेतलेल्या माफीवर त्याहून जोरात भांडल्या. इकडच्या शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या, तिकडच्यांनी कान. तारेवर बसायला आलेला एक नवखा कावळा असा उडाला की तो पुढे दुसऱ्या देशातच सापडला. भांडता भांडता धाकटीच्या लक्षात आलं की आपल्याला फार बरं वाटतंय.

मग तो लांबलचक मेल आला. थोरलीने तो वाचायला सुरुवात केली, अर्ध्यावर आली आणि गप्प झाली. धाकटीही गप्प. एवढ्या दिवसांत दोघींच्या मधे जाळी नसताना त्या पहिल्यांदाच गप्प होत्या.

"ताई," धाकटी म्हणाली, "ते रागात लिहिलं होतं."

"बरोबर लिहिलंस," थोरली म्हणाली. "आज वन्संना खाली बसवून बघितलं. मी पट्टी सोडते, ती खाली जाते, आणि वर येतच नाही. वाकून बघितलं तर त्या हातात धरून बसलेल्या. म्हणतात, छान आहे हो पट्टी. तू खाली असलीस की मला वाकून बघायला लागत नाही धाकटे, म्हणून मी कधी बघितलं नाही."

धाकटीने फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. नवऱ्याने तोवर तिची बॅग दाराशी आणून ठेवली होती. तिने विचारलं की स्टुलाचे पाय शाबूत आहेत ना.

थोरली अगदी हळू, कुजबुजल्यासारखी म्हणाली, "आहेत. ये."

झालं. अशी ही गोष्ट, आणि सगळी खरी. पाण्याचं खरं, पेपरांची पानं उलटली ते खरं, परदेशात सापडलेला कावळा तर अगदी खरा. एवढंच की थोरली कुजबुजली हे मी आपलं घातलंय, शेवट जरा गोड व्हावा म्हणून. तिला कुजबुजता येतच नाही. ती "ये" म्हणून अशी ओरडली की धाकटीला ते फोन ठेवल्यावरही ऐकू येत होतं.